माझ्या नावाची आगारी

मी धानोऱ्याहून निघाले त्या दिवशी गल्लीने मला जसा निरोप दिला, तसा आमच्याकडे माणसाला एकदाच देतात, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. ऑगस्टमधली सकाळ होती. दारात पांढरी व्हॅन उभी होती. काकूने कुंकू लावलं, तेही कपाळभर. दादाच्या मित्रांनी झेंडूचा हार घातला, इतका जाड की मान वळवता येईना. मग बायका रडायला लागल्या. आमच्याकडे एकीने सुरुवात करून दिली की बाकीच्यांना थांबवणं कुणाच्या बापाला जमत नाही. आई रडली, आत्या रडली, आणि जी दहा वर्षांत माझ्याशी धड शब्दही बोलली नव्हती ती समोरची बाईही गळा काढून रडली. त्या गर्दीत चौघांनी मला जवळजवळ उचलूनच व्हॅनमध्ये बसवलं. माझे पाय जमिनीला लागले होते की नाही, आठवत नाही.

आबा ओट्यावर खाटेवर बसले होते. आबा म्हणजे माझे आजोबा, नानांचे म्हणजे माझ्या वडिलांचे वडील. ऐंशी कधीच ओलांडलेली, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं 'पुढच्या वर्षी करू' म्हणत राहून गेलेलं. अक्षरओळख नाही, पण मिरची हातात घेऊन ती कोणत्या शिवारातली ते सांगतील. मी पाचवीत जाईपर्यंत त्यांच्याच सायकलवर बसून शाळेत गेले. पाया पडले तेव्हा त्यांनी विचारलं, "कवय येशी?" मी म्हटलं, "दोन वर्षमा." बायकांच्या रडण्यात त्यांना ते ऐकू आलं नसावं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

नंदुरबार स्टेशनवर नानांनी एकच गोष्ट तीनदा सांगितली. "फोन करत ऱ्हाय. जेवनी का नही ते सांगत जाय. बाकी आम्हले काही जोयजे नही." नाना कमी बोलतात, म्हणून जे बोलतात ते तीनदा बोलतात. मुंबईपर्यंत सोडायला दादा आला होता. त्याने विमानतळाच्या काचेपलीकडून फोटो काढला. तिथून पुढे मी एकटी.

मी माती शिकायला आले. म्हणजे मृदाशास्त्र, पण घरी मी मातीच सांगितलं, आणि 'माती काय आठे कमी शे?' हे सगळ्यांकडून ऐकून घेतलं. शहराचं नाव पेरुजा. डोंगरावर बसलेलं, दगडी, जुनं. राहण्याचा परवाना आल्यापासून आठ दिवसांत मागावा लागतो आणि त्यात चूक नको म्हणून मी वर्ग सुरू होण्याच्या बऱ्याच आधी पोचले. ऑगस्टच्या मध्यावर इटलीत कुणी घरी नसतं, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. घरमालकीण बाईंनी किल्ल्या हातात दिल्या, गॅस कसा लावायचा ते दाखवलं आणि त्याही समुद्रावर निघून गेल्या. घरातल्या दुसऱ्या दोन मुली सप्टेंबरात येणार होत्या. चार मजली इमारतीत मी एकटी होते.

गाव रिकामं म्हणजे काय, हे तुम्ही खान्देशातले असाल तर तुम्हाला कळेल. आमच्याकडे भर दुपारी गाव सामसूम होतं, पण तेव्हाही कुणाच्या तरी घरात कुकर वाजतो, कोंबडी ओरडते, कुणीतरी कुणाला तरी शिव्या घालत असतं. पेरुजात तसलं काही नाही. एकेक खिडकी लाकडी झडपांनी बंद. दुकानांच्या शटरवर हाताने लिहिलेले कागद. चर्चची घंटा वेळेवर वाजायची आणि ती ऐकायला कुणी नसायचं. सगळ्यात विचित्र म्हणजे गावाच्या पोटातून जाणारे सरकते जिने. कुण्या जुन्या काळी वस्तीवर किल्ला बांधला आणि खालची वस्ती तशीच गाडली गेली. आता त्या गाडलेल्या गल्लीतून जिने वर येतात. दोन्ही बाजूंना घरं आहेत, दारं आहेत, खिडक्या आहेत, फक्त वर आभाळ नाही. मी एकटीच त्या जिन्यावर उभी राहायची आणि जिना मला घेऊन वर जायचा. माझ्या पुढच्या सगळ्या पायऱ्या रिकाम्या, मागच्याही रिकाम्या. मला भीती वाटायची, खोटं कशाला बोलू.

त्या रिकाम्या गावात मला चेहरे सापडले ते भिंतींवर. गल्लीच्या कोपऱ्यावर पत्र्याचे फलक होते आणि त्यांवर वहीच्या दोन पानांएवढे कागद चिकटवलेले. वर क्रूस नाहीतर मेरीचं चित्र, मध्ये माणसाचा हसरा रंगीत फोटो, खाली मोठ्या अक्षरांत नाव आणि वय. 'आन्नी' म्हणजे वर्षं, एवढं मी मोबाईलवर शिकून आले होते. बहात्तर आन्नी, नव्वद आन्नी. आता नंदुरबार जिल्ह्यातली मुलगी याचा काय अर्थ लावणार? आमच्याकडे चौकाचौकात वाढदिवसाचे फ्लेक्स असतात. वर देव असतो, मध्ये साहेब किंवा भाऊ किंवा कुणाचा तरी पुतण्या असतो, खाली शुभेच्छुक. मला वाटलं, चला, इथले लोकही आपल्यासारखेच. फक्त फ्लेक्स छोटे लावतात आणि पुढाऱ्यांऐवजी म्हाताऱ्यांचे लावतात, हे तर उलट चांगलंच. मी त्यांचे फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकले. दादाने हसून हसून रडणारी तोंडं पाठवली.

मग मी त्या चेहऱ्यांना जीव लावला. लावायला दुसरं कुणी नव्हतं. माझ्या गल्लीच्या तोंडाशी एक कुरळ्या केसांची बाई होती, थेट आत्यासारखी. खालच्या वळणावर चौकड्याच्या शर्टातला एक माणूस होता, ज्याला बघून वाटायचं की हा आता काहीतरी विनोद सांगणार. येता-जाता मी त्यांना मान लववायची. बसमध्ये, टपाल कचेरीत मी त्यांना शोधायची, की आज कुठेतरी भेटतील. एकदा बसमध्ये मागून कुरळे केस दिसले म्हणून मी दोन थांबे पुढे गेले. ती बाई वेगळीच निघाली.

जिवंत म्हणावा असा एकच शेजारी होता. समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक आजोबा सकाळी झारीने कुंड्यांना पाणी घालायचे. टोमॅटो होते त्यांच्याकडे आणि कसलीशी तुळस. पहिल्या दिवशी त्यांनी हात वर केला, मीही केला. असं चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी ते आले नाहीत. सहाव्या दिवशी सकाळी मी बाहेर पडले तर कोपऱ्यावरच्या फलकावर त्यांचा फोटो. कोट, टाय, तोच चेहरा. शहाऐंशी आन्नी. मला इतका आनंद झाला की काय सांगू. या गावात ओळखीच्या माणसाचा वाढदिवस, म्हणजे मीही या गावाची झाले.

घरून आणलेला रवा होता. तूप नव्हतं, लोणी कढवलं. भरपूर साखर घालून शिरा केला, स्टीलच्या डब्यात भरला, ओढणी नीट घेतली आणि समोरच्या इमारतीत गेले. दार उघडंच होतं. आत माणसं आहेत असं जाणवलं, पण आवाज नव्हता. मला वाटलं, म्हाताऱ्याचा वाढदिवस, शांतपणे करत असतील. दारात पन्नाशीची एक बाई आली. मी डबा पुढे केला आणि पाठ केलेला शब्द मोठ्याने म्हटला, "आउगुरी." म्हणजे शुभेच्छा.

ती माझ्याकडे बघतच राहिली. तिच्या खांद्यावरून मला खोली दिसली. भिंतीला लागून खुर्च्या, खुर्च्यांवर काळे कपडे घातलेली माणसं, आणि मध्ये आजोबा. कोट, टाय, हातात जपमाळ गुंडाळलेली. फोटोत होते तसेच, फक्त आडवे.

पळून जावंसं वाटलं. पण आमच्याकडे माणूस गेलेल्या घरी 'दारवर' जातात, आणि दारवर गेलेल्याने उंबऱ्यातून परत फिरायचं नसतं. बसायचं असतं. माझे पाय त्या सवयीने आत गेले आणि मी भिंतीशी जमिनीवर बसले. सगळे खुर्च्यांवर, मी खाली. कुणीतरी माझ्यासाठी खुर्ची आणली, मी नको म्हटलं. मी सुतक लागलेल्या घरी गोड घेऊन गेले होते, शुभेच्छा देऊन आले होते. या जन्मी याहून वाईट काय करायचं राहिलंय, असा विचार करत मी फरशीकडे बघत बसले. जरा वेळाने ती बाई, ती त्यांची मुलगी होती, माझ्याजवळ आली. तिने डबा उघडला, वास घेतला, बोटभर शिरा खाल्ला आणि रडायला लागली. मग मीही रडले. तेवढं मला येतं.

तिनेच नंतर खाली येऊन मला तो कागद वाचून दाखवला, एकेका शब्दावर बोट ठेवून. कधी गेले, कोण कोण दुःखात आहे, अंत्यविधी कुठे. ती वर गेल्यावर मी तिथेच उभी राहिले. शेजारी चौकड्याच्या शर्टातला माणूस हसत होता. गल्लीच्या तोंडाशी आत्या हसत होती. आठवडाभर मी ज्यांना मान लववली, ज्यांना बसमध्ये शोधलं, ज्यांच्यासाठी दोन थांबे पुढे गेले, त्यांतलं एकही माणूस या जगात नव्हतं. आणि तेवढीच माझी या गावातली ओळख होती. घर शंभर पावलांवर होतं. मी ते अंतर खाली बघत पार केलं. तरी ते बघताहेत हे कळत होतं.

घरी फोन लावला. आई हसेल आणि मग मलाही हसू येईल, असं वाटलं होतं. मी सगळं सांगितलं. आई हसली नाही. तिने फोन नानांकडे दिला, आणि नाना एवढं बोलले की मला आधी तेच विचित्र वाटलं.

मी निघाल्यावर दोन दिवसांनी दादाने फाट्यावर फ्लेक्स लावला होता. उच्च शिक्षणासाठी इटलीला रवाना झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. फोटो घाईत व्हिसाचा टाकला. तुम्ही व्हिसाचा फोटो काढला असेल तर तुम्हाला माहीत असेल, त्यात हसू देत नाहीत. मागे पांढरं, कान उघडे, डोळे थिजलेले. फ्लेक्सवाल्याने भोवती झेंडूची माळ टाकली, खाली पणती. तिसऱ्या दिवशी आबा काठी टेकत फाट्यापर्यंत गेले आणि त्यांनी तो बघितला. हार घातलेली मी, रडणाऱ्या बायका, चौघांनी उचलून ठेवलेली पांढरी गाडी, आणि आता हा फोटो. घरी येऊन त्यांनी नानांना एवढंच विचारलं, "पोर कोठे गयी ते माले खरं सांगा." नानांनी सांगितलं, इटलीला गेली. आबा म्हणाले, म्हाताऱ्या माणसाला असंच सांगतात. त्या दिवसापासून ते फक्त चहावर होते.

दादाने घाबरून फ्लेक्स उतरवला. त्याने तर आबांची खात्रीच पटली, कारण श्रद्धांजलीचे फ्लेक्सही दिवस झाले की उतरवतात. मग दादाला वाटलं, पोरगी कुठे आहे ते दाखवू. त्याने माझे ग्रुपवरचे फोटो त्यांना दाखवले. आबांनी मोबाईल चांगल्या डोळ्याजवळ धरला, भिंतीवरचा एकेक चेहरा बघितला आणि म्हणाले, "ह्या मरेल माणसं शेतस. मन्ही पोर यासमा ऱ्हास." मेलेली माणसं, आणि मी त्यांच्यात राहते. मी शिकलेली, आठवडाभर त्या भिंतींसमोर उभी राहिले आणि मला कळलं नव्हतं. त्यांना एका नजरेत कळलं.

मी म्हटलं, आबांना फोन द्या. व्हिडिओवर त्यांनी माझ्याकडे बघायलाच नकार दिला, फोटो हलतो एवढंच, असं म्हणाले. मग नुसता आवाज. मी हाका मारल्या, सायकलची आठवण काढली, शाळेच्या रस्त्यावरचं आंब्याचं झाड सांगितलं. ते ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "तठे आते उजाये शे का अंधारं?" धानोऱ्यात दिवेलागण झाली होती. माझ्या खिडकीत भर दुपारचं ऊन होतं. मी खरं तेच सांगितलं, ऊन आहे. मग ते म्हणाले, "आठे अंधारं पडी गये. मंग बरोबर शे." आणि फोन ठेवून दिला. गेलेल्यांच्या गावी दिवस-रात्र आपल्या उलट असतात, असं आमच्याकडे म्हातारे मानतात.

पुढचे दोन आठवडे मला झोपेत आणि जागेपणी एकच विचार होता, आबा जेवले का. नानांनी मला सांगितलेलं काम आता उलटं झालं होतं, मीच रोज फोन करून विचारायची. चतकोर भाकरी. कधी तीही नाही. डॉक्टरांनी सलाईन लावलं, त्यांनी ते काढून टाकलं. मी परत येते म्हटलं. परवान्याचा अर्ज नुकताच गेला होता, आता देश सोडला तर वर्ष हातचं जाणार होतं. तरी येते म्हटलं. येऊ नको म्हणायचं नानांच्या जिवावर आलं होतं, आणि ये म्हणायचंही.

तेवढ्यात पितर आले. आमच्याकडे पितरपाटात आगारी टाकतात. गोवरीचा विस्तव करायचा, त्यावर तुपाबरोबर खीर, भजं, पुरीचा तुकडा ठेवायचा, भोवती पाणी फिरवायचं. धूर वर गेला की पितर जेवले. मग घरची पंगत. आबांनी त्या दिवशी आंघोळ केली, धोतर नेसले, विस्तवापुढे बसले. त्यांच्या वडिलांचं नाव घेतलं, आईचं घेतलं, माझ्या आजीचं घेतलं. चौथा घास हातात घेऊन त्यांनी माझं नाव घेतलं. आई ओरडणारच होती. नानांनी तिचा हात धरला, कारण आगारी टाकून आबांनी ताट पुढे ओढलं होतं आणि ते जेवत होते. दोन पुऱ्या, खीर, भात. दोन आठवड्यांनी.

हे मला दादाने फोनवर सांगितलं, कुजबुजत, ओट्यावरून. मग आत जाऊन त्याने फोन आबांच्या कानाला लावला. आबांचा आवाज शांत होता. त्यांनी विचारलं, "जेवनी का व माय?"

मला पाच-सहा उत्तरं सुचली होती, सगळी खरी. आबा, मी जिवंत आहे. आबा, हा वेडेपणा आहे. मी म्हटलं, "मी जेवनू, आबा."

तेव्हापासून तसंच चाललंय. आता मार्च आहे. घरातल्या मुली आल्या, शहर भरलं, वर्गात मला मित्र मिळाले, टोमॅटोवाल्या आजोबांची मुलगी रविवारी मला जेवायला बोलावते. भिंतींवरचे कागद मी आता वाचते, वाचता येतात. आबा रोज पहिला घास ताटाच्या कडेला माझ्यासाठी काढतात आणि मग पोटभर जेवतात. तब्येत सुधारली आहे. आईला तो घास बघवत नाही, ती त्या वेळी मागच्या दारी जाते. मी आबांशी फोनवर बोलते तेव्हा ते गेलेल्या माणसाशी बोलावं तसं बोलतात, म्हणजे कसलीही तक्रार नाही, काहीही मागणं नाही, नुसतं सांगणं. कुठली गाय व्यायली, मिरचीवर काय रोग आला. जिवंत असताना ते माझ्याशी इतकं कधी बोलले नव्हते. वाक्य लिहिलं आणि बघतेय, 'जिवंत असताना' असं मीच लिहिलंय.

तुमच्यातले जे माझ्यासारखे बाहेर पडले, त्यांच्या घरचे म्हातारे फोनवर म्हणत असतील, परत ये. मागच्या आठवड्यात मी पहिल्यांदाच आबांना विचारलं की मी येऊ का. ते म्हणाले, "अशी कवयबी नको येवू. आखाजीले ये. तवय घागर भरी ठेवसू."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खान्देशात दोघं घरी येतात. पितर येतात, त्यांच्यासाठी नवी घागर पाण्याने भरून ठेवतात. आणि सासरी गेलेल्या लेकी येतात, त्यांच्यासाठी झाडाला झोका बांधतात. मी आखाजीच्या आदल्या दिवसाचं तिकीट काढलं आहे. दादा म्हणतो, झोका मी बांधतो, आबांना आधी समजावून सांगतो. मी त्याला नको म्हटलं. मी दारात उभी राहीन. आबा मला कोण म्हणून आत घेतील ते त्यांनी ठरवावं, मी जेवायला बसेन.